चौकटीशी उभे जावईबापू

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

"घरी राहिलेल्या बहिणींनो, सुनांनो आणि तुरळक भावांनो! तुमची-माझी तक्रार एकच आहे. दुखणेकऱ्याच्या उशाशी आपण बसायचं, आणि त्याचं काय करायचं ते मात्र ठरवणार लांब राहणारा कुणीतरी. ज्याला उशीचे अभ्रे कुठल्या कपाटात असतात तेसुद्धा ठाऊक नाही!"

घरी आजाऱ्याचं करणाऱ्या माणसांची सभा मी दर महिन्याला आमच्या वाचनालयात भरवते, हे तुला माहीत आहे. परवा भाषणाची सुरुवात अशी केली. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एक बाई तर रडायला लागल्या. तू समोर नव्हतास म्हणून ते वाक्य कागदावर उतरवून पाठवते आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हं, हं" करत दुसरीकडे टाइप करतोस. कागदावर हं-हं करता येत नाही.

तर, जावईबापू आले. हो, तुझ्या कंपनीच्या त्या माणसासारख्या यंत्राचं नाव मी जावईबापू ठेवलं आहे. येताना खोक्यातून आले, दोन हमालांनी जिन्यावरून वर आणले, आल्या आल्या कोपऱ्यातली बरी जागा आणि विजेचं एकुलतं मोकळं बटण अडवून बसले. त्यांच्यासाठी पुस्तकांचं कपाट हलवावं लागलं. तू चिठ्ठीत लिहिलंस, "ताई, तुला मदत पाठवतो आहे." अरे, मदत विचारून पाठवतात. न विचारता येतो तो पाहुणा.

आता काय झालं ते ऐक. तुझा माणूस यंत्र चालू करून, हसून, चहा पिऊन गेला. अण्णा खुर्चीत होते. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात छातीपर्यंतच येतो हे तुला ठाऊक आहे. निदान सांगितलेलं तरी आहे. व्यायामाच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे ते रोज सकाळी तो हात वर करायचा प्रयत्न करतात. तसा केला. समोर जावईबापूंनीही हात वर केला. तसाच छातीपर्यंत, तसाच वाकडा, बोटं तशीच मिटलेली. अण्णांचं तोंड प्रयत्नाने एका बाजूला ओढलं गेलं, तशी त्यानेही मान एका बाजूला ओढली.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वेडावतंय. मला."

आणि डाव्या हाताने पाण्याचा पेला फेकून मारला.

धाकट्या, हा माणूस जन्मभर शाळेत कवायत शिकवत होता. "माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा," एवढं एकच वाक्य बोलून त्याने पिढ्याच्या पिढ्या सरळ उभ्या केल्या. पाठीमागे त्याची नक्कल करणारी पोरंही असायची; तू त्यातला पहिला. त्यांना तो मैदानाला चकरा मारायला लावायचा. आज त्याच्या तोंडावर, त्याच्याच घरात, त्याच्या लुळ्या हाताची नक्कल झाली. आणि चकरा मारायला लावायला त्याला उठताही येत नाही.

व्यायामाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की उन्हाळा संपायच्या आत अण्णा आपल्या जोरावर उभे राहायला लागले तर लागले. नाहीतर पाय आखडतील आणि पुढचं सगळं अंथरुणावर. मला एवढ्यापुरतं बोलायचं आहे. तुझं यंत्र अण्णांना उभं करणार असेल तर ठेवते. वेडावणार असेल तर घेऊन जा.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून उभा राहिलो. सावधानमध्ये. एवढं जोरात लिहू नकोस, टाळ्या वाजवायला इथे मी एकटाच आहे.

पण चूक आमची आहे, कबूल. यंत्राची एक रीत असते, समोरचा करेल तसं करायची. लहान मुलांना ती फार आवडते, प्रदर्शनात आम्ही तीच दाखवतो. आमचा माणूस ती बंद करायला विसरला. अण्णांना सांग, मी त्याला मैदानाला चकरा मारायला लावल्या आहेत.

आता मी इथूनच ती रीत बंद केली आहे आणि त्यात तुझी हालचाल भरली आहे. आठवतं ना, शरद ऋतूत मी दोन दिवस आलो होतो तेव्हा तुला तो काळा अंगरखा देऊन गेलो होतो, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ठिकठिकाणी बटणं लावलेला? तू आठवडाभर तो घालून अण्णांचं सगळं केलंस, आणि "आता फक्त शिट्टी द्या, म्हणजे मी वाहतूक सांभाळते" म्हणालीस. त्या आठवड्यातली तुझी प्रत्येक हालचाल आमच्याकडे आली. पाठ कशी वाकवतेस, काखेत हात कसा घालतेस, उशी कशी सरकवतेस. आजवर कुणाच्याही अंगावरून एवढं चांगलं काही मिळालं नव्हतं. इथले लोक तुझी हालचाल पुन्हा पुन्हा लावून बघतात. "कोण आहेत या?" विचारतात. मी ऐटीत सांगतो, माझी बहीण.

म्हणजे आता अण्णांना परकं कुणी उचलणार नाही. तूच उचलणार आहेस, फक्त तुझी पाठ दुखणार नाही.

महिनाअखेरपर्यंत बघ. यायचं मनात आहे, पण सध्या इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. उशीचे अभ्रे डावीकडच्या कपाटात, खालच्या खणात असतात. बघ, ठाऊक आहे.

तुझा,
धाकटा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

अभ्रे त्या कपाटात आई असताना असायचे. ते कपाट विकून वर्षं झाली.

महिना संपला, बघितलं. आधी बरं सांगते, म्हणजे "ताई नुसती भांडते" असं नको. जावईबापू अण्णांना पाडत नाहीत. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, एकदाही धक्का नाही की ओरखडा नाही. मी वाचनालयात वेळेवर जाते. पाठीला पट्टा बांधणं सोडलं. शेजारच्या काकू दारातून बघून म्हणाल्या, "अगं, हुबेहूब तू!" मला गंमत वाटली.

आता पुढचं ऐक, आणि उभ्याने ऐकू नकोस, बस.

व्यायामाच्या बाई काल आल्या होत्या. त्यांनी अण्णांच्या पायाला हात लावून बघितलं, "जोर लावा" म्हणाल्या. अण्णांनी लावला नाही. त्या मला म्हणाल्या, "ताकद वाढलेली नाही, उलट थोडी गेलीच आहे. हे उठताना स्वतः काही करतात का?" मी म्हटलं, बघते.

आज सुट्टी काढून दिवसभर बघत बसले. अण्णा उठायचं म्हणून पुढे झुकतात, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवतात, आणि त्यांचा जोर जमा व्हायच्या आतच याचे हात त्यांच्या काखेत! उचलला, ठेवला, संपलं. त्यांना उठायला मिळतच नाही. पोत्याला कधी जोर लावावा लागतो का?

बरं, वागण्याची तऱ्हा बघ. तोंड पुसतो तेव्हा अण्णांकडे बघत नाही, खिडकीकडे बघतो. बाही चढवताना शेवटी एक हिसका देतो. दुखत नाही, पण हिसका तो हिसकाच. आणि सगळ्यात संताप कशाचा सांगू? अण्णांना शब्द सापडायला वेळ लागतो. ते "ते... ते..." करत असतात तेव्हा हा दोन बोटं टेबलावर वाजवतो. टक टक, टक टक. सावकाराचा माणूस दारात उभा असावा तसा! अण्णांनी त्या बोटांकडे बघितलं आणि बोलायचं सोडून दिलं. आता तर ते बोलतच नाहीत. तो येताना दिसला की आधीच हात वर करून ठेवतात, शहाण्या मुलासारखे. माझे वडील, ज्यांच्या एका हाकेने अख्खं मैदान गप्प व्हायचं, ते एका यंत्राला घाबरून शहाणे झाले आहेत.

शिवाय एक साधा बिघाडही आहे. अण्णांना झोपवलं की जावईबापू दारापर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. चौकटीला कपाळ लावून, आमच्याकडे पाठ करून. गुन्हा केल्यासारखे. काही वेळाने आपले आपण हलतात. पहिल्यांदा मला हसू आलं, काकूंना बोलावून दाखवलं. आता रोजचंच झालं आहे आणि जाता-येता मध्ये येतात.

मी तुला सरळ विचारते. माझी हालचाल भरली म्हणालास ना? मग तिच्यात हा कुठला उर्मट माणूस मिसळलास? कुठल्या कंटाळलेल्या नोकराचं अंग घेतलंस? तुम्हा लोकांना वाटतं, हात हलला म्हणजे माणूस झाला. मी सभेत याच विषयावर बोलणार आहे, आणि तुमच्या कंपनीला पत्रही लिहिणार आहे. त्याआधी तुला एक संधी देते. ती बोटं, तो हिसका, ती मान आणि तो चौकटीचा बिघाड, सगळं काढ.

तुझी,
ताई


९ मार्च

प्रिय ताई,

कंपनीला पत्र लिहू नकोस. मी घाबरलो म्हणून सांगत नाही. ते पत्र लिहिल्यावर तुलाच वाईट वाटेल.

बिघाड नाही, ताई. त्यात दुसरं कुणीही मिसळलेलं नाही. सगळं त्या आठवड्याचं आहे. ती बोटं तुझी आहेत. खिडकीकडे बघणंही.

पडद्यावर तुझा चेहरा दिसत नाही, अंगरख्यावरच्या बटणांचे नुसते ठिपके दिसतात. डोक्याचा एक, खांद्यांचे दोन, कोपरांचे, गुडघ्यांचे. तरी मी तुला लगेच ओळखलं. ते ठिपके दिवसभर पलंग, खुर्ची, न्हाणीघर, पलंग असे फिरत होते. आणि रोज अण्णांना झोपवलं की दारापाशी जाऊन थांबायचे. डोक्याचा ठिपका पुढे झुकायचा आणि बराच वेळ काहीच हलायचं नाही. आमच्याकडच्या मुलीने विचारलं, "हा भाग कापू का? यात काही काम होत नाहीये." मी म्हटलं, काप. तिने बहुतेक सगळा कापला नाही.

मी ते शरद ऋतूत पाहिलं. तेव्हाच कळलं होतं. तुला फोन करणार होतो.

धाकटा


३० मार्च

प्रिय ताई,

तीन आठवडे उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. काकूंना केला, तर त्या म्हणाल्या, "ताई ठीक आहे, तू तुझं बघ," आणि ठेवून दिला. त्यांचा स्वर तुझ्यासारखा झाला आहे.

यंत्र चालू आहे की बंद, एवढं इथे दिसतं. बारा तारखेपासून ते बंद आहे. मधे फक्त एका रविवारी थोडा वेळ चालू झालं होतं. काय झालं? अण्णा पडले का? की तू? काहीतरी लिही. शिव्या लिही.

मी काय काय करू शकतो ते लिहितो. यंत्र परत मागवतो. किंवा त्याचा वेग कमी करतो. बोटांची हालचाल काढली आहे, मान सरळ केली आहे, तू चालू केलंस की दिसेल. दिवसभरासाठी एक सेविका ठेवू, पैसे मी देतो. तू फक्त हो म्हण.

आणि एक राहिलं सांगायचं. पुढच्या महिन्यात आमचं मोठं प्रदर्शन आहे. त्यात तुझीच हालचाल दाखवणार आहेत. पुढे ती सगळ्या यंत्रांत जाईल, रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत. मी हे आधी सांगायला हवं होतं. तुला अभिमान वाटेल असं मी मनाशी धरलं होतं. आता काय वाटेल ते विचारायची हिंमत नाही.

परवा मी इथल्या यंत्रासमोर खुर्चीत बसलो. म्हटलं, बघू. त्याने मला उचललं. फार छान उचललं, ताई. मला मी लहान असतानाचा ताप आठवला. तेव्हा तू खिडकीकडे बघत नव्हतीस.

तुझा,
धाकटा


६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

कुणी पडलेलं नाही. तुझं ९ तारखेचं पत्र आलं आणि मी तुला शिव्यांनी भरलेली चार पत्रं लिहिली. एकही पाठवलं नाही. एवढं बोलणारी मी, आणि मला वाक्य सापडेना. अण्णांसारखं "ते... ते..." होत होतं.

आधी वाटलं, खोटं आहे. मग स्वयंपाकघरात भाताचं पाणी आटायची वाट बघत उभी होते, तर ओट्यावर टक टक ऐकू आलं. माझीच बोटं.

यंत्र बंद केलं आणि अण्णांचं पुन्हा मी करायला लागले. जपून, गोड गोड, परीक्षेला बसल्यासारखी. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी बाही अडकली आणि हिसका बसला. अण्णांनी हात शहाण्यासारखा वर करून ठेवला होता. मला घाबरून, धाकट्या. यंत्र तर बंद होतं.

मग एका रविवारी मी जावईबापूंना चालू केलं आणि अण्णांच्या खुर्चीत मी बसले. अण्णा पलंगावरून बघत होते. म्हटलं, बघू तरी मी कशी आहे. तो आला. मी पुढे झुकले, अण्णा झुकतात तशी, सावकाश. पाय जमिनीवर नीट टेकायच्या आतच मी हवेत! त्या क्षणी काय वाटतं सांगू? पडायची भीती नाही वाटत. आपण नाहीच आहोत असं वाटतं. खोलीत एक काम आहे आणि ते काम म्हणजे आपण.

पलंगावरून आवाज आला, "थांब!"

खूप दिवसांनी आलेला आवाज. मैदानावरचा. मी दचकले. यंत्राला काय कळणार, त्याने मला ठेवलं, आपल्या रीतीने दारापाशी गेला आणि चौकटीला कपाळ लावून उभा राहिला. अण्णा त्याच्या पाठीकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. ओठ हलत होते. मी हात मांडीखाली दाबून धरले, बोटं वाजू नयेत म्हणून.

शेवटी ते म्हणाले, "विश्राम."

कवायतीत म्हणायचे तसं नाही. हळू. त्याच्याकडे बघून म्हणाले, पण हुकूम त्याला नव्हता. अण्णांना माझं चौकटीशी उभं राहणं रोज दिसत होतं रे. ते झोपलेले असतात असं मी समजत होते. तू ठिपक्यांत पाहिलंस, त्यांनी पलंगावरून पाहिलं. घरातल्या दोन्ही पुरुषांना ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. दुसऱ्याने तो भाग कापायला सांगितला.

आता मी तुझ्याशी भांडते, कारण माझा वाटा मी मोजून घेतला आहे. हो, मी हिसका देते. हो, मी खिडकीकडे बघते. कारण खिडकीबाहेर रस्ता आहे आणि त्या रस्त्याने कुणी येत नाही. मी वर्षानुवर्षं "मला एक माणूस हवंय" म्हणत होते. तू काय केलंस? थकलेली मी होते, तिची नक्कल काढलीस आणि ती मदत म्हणून परत घरी पाठवलीस. मला दुसरं माणूस हवं होतं, धाकट्या. तू मला आणखी एक मी पाठवलीस! आणि आता ती घरोघर पाठवणार? ज्या ज्या घरात म्हातारा माणूस हात आधीच वर करून बसेल, तिथे तिथे माझी बोटं वाजत असणार? प्रदर्शनात लोक म्हणतील, अगदी माणसासारखं. बरोबर म्हणतील. मदतीला कुणी नसलेल्या माणसासारखं.

बोटं काढलीस म्हणतोस, मान सरळ केलीस म्हणतोस. माझ्याही या सवयी काढता आल्या असत्या. त्यासाठी ठिपके नकोत, एक सुट्टीचा दिवस लागतो.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही, हे मोठ्याने लिहिते, म्हणजे सोयीस्कर गैरसमज नको. त्याने माझी पाठ वाचवली. चौकटीशी तो उभा राहिला नसता तर मी अजून सभेत दुसऱ्यांच्या घरातल्या निर्दयपणावर टाळ्या घेत असते. तो राहू दे. त्याला धुणं वाळत घालायला शिकव. पण अण्णांच्या काखेत आता त्याचे हात जाणार नाहीत, आणि घाईतले माझेही नाहीत.

व्यायामाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी एकटं माणूस असलं की असंच होतं. तुम्ही उचलता, कारण वाट बघताना ते पडले तर धरायला दुसरं कुणी नसतं." मग त्यांनी स्वतः अण्णांच्या उजव्या बाजूला उभं राहून दाखवलं. मी समोर. दोघींचे हात पुढे, पण कुणी लावायचे नाहीत. अण्णा झुकले. डावा हात दांड्यावर. आम्ही थांबलो. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं नाही.

ते म्हणाले, "एक."

आणि खुर्चीवरून उठले. पुरते नाहीत. गुडघे वाकलेलेच होते, आणि "दोन" म्हणायच्या आत परत बसले. पण आपले आपण उठले होते, धाकट्या! बसल्यावर बाईंना म्हणाले, "ताठ. ताठ उभ्या राहा." बाईंना हसू आवरेना.

बाई आठवड्यातून एकदाच येतात. उन्हाळा संपायला वेळ नाही. काकू येतात, पण त्यांचेच गुडघे त्यांना पुरत नाहीत. सेविका ठेवू, तुझे पैसेही घेऊ, लाज वाटणार नाही मला. पण अण्णा रोज सकाळी उजवीकडे बघतात आणि तिथे उभं कोण आहे ते शोधतात. मी त्यांना सांगून टाकलं आहे की तू येतो आहेस. तुला विचारलं नाही. न विचारता पाठवायची पद्धत तूच घालून दिलीस.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. अंगरखा आणू नकोस, लॅपटॉप उघडू नकोस. हातपाय धुऊन अण्णांच्या उजव्या बाजूला उभा राहा, हात पुढे धर, आणि ते "दोन" म्हणेपर्यंत हात लावू नकोस.

तुझी,
ताई